नावाच्या रकान्यातली रेघ

गेल्या मे महिन्यात मी किशनरावांकडे एक किल्ली मागायला गेलो, तिथून हे सुरू झालं. भुताखेतांशी माझा तोवर संबंध नव्हता. चौतीस वर्षं नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात कारकुनी केली, त्यामुळे मेलेली माणसं मला फक्त कागदावर भेटली होती, आणि कागदावर ती फार सोज्वळ असतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. जुन्या कारकुनाला अर्धीच माहिती देण्याची सवय असते.

किल्ली हवी होती ती आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या बंद प्रसूतिगृहाची. डॉक्टरीणबाई वारल्यापासून बारा वर्षं ते बंद होतं आणि देखभाल किशनरावांकडे होती. त्यांचं औषधाचं दुकान. तिथं बसून काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लहान मुलांसाठी अद्भुत कथा लिहिणार. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि रक्तदाब तपासून किती दिवस झाले, एवढंच विचारलं.

त्यांचं चुकलं नाही. पण मी शब्द देऊन बसलो होतो. माझी नात शिवानी, सात वर्षांची, माझ्या मुलीबरोबर सुट्टीत पुण्याहून आली होती. पहिल्याच दिवशी मी तिला एका प्रामाणिक शिपायाची गोष्ट सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, हे तिच्या आईचे संस्कार. मग म्हणाली, "आजोबा, यात कुणीच उडत नाही का?"

मी नाही म्हणालो. ती उठून गेली.

ते मला लागलं. वाचन माझं बरं आहे. गावच्या वाचनालयातली निम्मी कपाटं माझ्या हाताखालून गेली आहेत. आणि अद्भुत लिहिण्याचा सराव म्हणाल तर 'कसून शोध घेऊनही मूळ कागद आढळून आला नाही' हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा लिहिलं असेल. तेव्हा जूनमध्ये तू परत जायच्या आत, ज्यात सगळेच उडतात असं आख्खं पुस्तक तुला लिहून देतो, असं मी तिला सांगून टाकलं.

निवृत्त माणसाला वेळ असतो, ही नोकरीतल्या माणसांनी पसरवलेली अफवा आहे. सकाळी दूध, मग गिरणी, मग ओसरीवर अर्ज लिहून घ्यायला आलेली माणसं. राणीसावरगावहून एक जण पहाटेच्या गाडीनं यायचा आणि वारसाच्या नोंदीचा एकच अर्ज तीन दिवस लिहून घ्यायचा. मध्येच बायको आतून विचारायची की सुचायलंय का काही, का नुसतंच बसायलात. सुचत नव्हतंच. 'एक होता राजा' एवढं लिहून झालं की माझं डोकं राजाचा रहिवासी दाखला मागायचं.

उरली ती दुपार. मे महिन्यात आमच्याकडे एक ते चार गाव मेल्यासारखं पडतं. रस्त्यावर कुत्रं नसतं. ऊन इतकं पांढरं असतं की त्यात सावली पडायलाही घाबरते. त्या वेळी घरात कूलरभोवती सगळे झोपतात, आणि बसायला कोपरा उरत नाही. म्हणून ती किल्ली.

आत पाऊल टाकलं तेव्हा गारवा लागला. जाड भिंती, उंच खिडक्या. लांबट वॉर्डात सहा लोखंडी कॉट, प्रत्येकीच्या बाजूला पाळणा अडकवायची कडी. चार नंबरच्या कॉटजवळ उजेड बरा होता, तिथं मी टेबल ओढून घेतलं. मागच्या खोलीत सगुणाबाई राहायची. ती इथली जुनी आया, आता सत्तरीच्या पुढची. नोकरीत असताना दर सोमवारी जन्माच्या चिठ्ठ्या घेऊन तीच माझ्या टेबलाशी यायची. तिनं मला ओळखलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दारातच उभी राहिली.

"साहेब, लिवा काय लिवायचं ते," ती म्हणाली. "पन हितं कुनाला नावानं हाक मारू नका."

का, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलं ते असं. बारसं व्हायच्या आत गेलेली लेकरं इथं चिक्कार. त्यांना कुणी नाव ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यांना कुणी बोलावूही शकत नाही आणि जा असं सांगूही शकत नाही. म्हणून डॉक्टरीणबाई असतानाही इथं कुणी नाव घेत नसे. बाळंतिणीला कॉटच्या नंबरानं बोलावायचे.

"ज्येला नाव न्हाई, त्येला कुनाचंबी चालतंय," सगुणाबाई म्हणाली आणि निघून गेली.

मी हसलो. नाव नसलेल्या लेकरांशी माझा परिचय तिच्यापेक्षा जुना होता. मृत्यूच्या रजिस्टरात त्यांच्या नावाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारत असे. पट्टी लावून, सरळ. माझ्या रेघांची साहेबांनी एकदा तारीफही केली होती.

आणि मग त्या दुपारी मला सुचलं.

सुचलं म्हणजे काय, ते कसं सांगू? घरी महिनाभर एक ओळ न फुटणाऱ्या माझ्या हातून चार पानं एका दमात उतरली. एक लांबट खोली. तिथल्या लोखंडी कॉट दुपारी सगळे झोपले की खिडकीतून बाहेर पडतात आणि उडत गोदावरीच्या पात्रावर जातात. चार नंबरच्या कॉटवर एक मुलगी बसलेली असते. तिला वाळूखालचं गाव ठाऊक असतं, तिथं दिवा लावायला ऊन वापरतात आणि मासे शाळेत जातात. मला कल्पना करावी लागत नव्हती. साहेब मजकूर सांगतात आणि आपण उतरून घेतो, तसं चाललं होतं. कान जरा पुढे करावा लागे, इतकंच.

रोज एकला मी जायचो, चारला परत. वॉर्डात कधी वेखंडाचा वास यायचा, कधी ओव्या-शेपेच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. सगुणाबाई काही शिजवत असेल असं मी धरून चाललो. कडी करकरायची. वारा नसायचा. लोखंड उन्हानं फुगतं, हे मी शाळेत शिकलेलो होतो आणि ते शिक्षण त्या दिवसांत फार उपयोगी पडलं.

दहा प्रकरणं झाली. त्यातल्या मुलीला मी नाव दिलं नव्हतं. ते सुचलंच नाही. तिचा उल्लेख येई तिथं हात सवयीनं आडवी रेघ मारून पुढे जायचा.

वही शिवानीनं वाचली. पालथी पडून, पाय हलवत, जेवायला न उठता. तिच्या आईनं, अनुपमानं, दोनदा डोकावून पाहिलं. लेखक म्हणून आयुष्यात मला जे काही मिळायचं होतं ते त्या दुपारी मिळून गेलं. शेवटी शिवानीनं विचारलं की हिला नाव का नाही, हिच्या जागी नुसत्या रेघा का? मी म्हणालो, अजून ठेवलं नाही.

"मग माझंच ठेवा ना," ती म्हणाली.

मी ठेवलं. एकशे बारा रेघांवर एकशे बारा वेळा 'शिवानी' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात वही घेऊन रुजवात घ्यायला बसलो. जुन्या कचेऱ्यांत मजकुराची नक्कल झाली की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ताडून बघायचं, त्याला रुजवात म्हणतात. मोठ्यानं वाचल्याशिवाय कागद पक्का झाला असं मला आजही वाटत नाही. दुसरा कारकून नव्हता, म्हणून मी एकटाच खणखणीत आवाजात वाचू लागलो. पहिलं नाव आलं.

"...कॉटवर शिवानी बसली होती."

"ओ," मागून कुणीतरी म्हणालं.

आवाज लहान मुलीचा होता. पोरगी माझ्या मागोमाग उन्हात आली, असं वाटून मी रागानं वळलो. वॉर्ड रिकामा होता. दार मी आतून लावलेलं तसंच होतं. चार नंबरच्या कॉटची कडी हलत होती, अगदी थोडी.

मी शहाणा असतो तर तिथंच थांबलो असतो. पण कारकुनाला अर्धी रुजवात सोडता येत नाही. मी पुढचं वाक्य वाचलं. पुन्हा ओ आली, या वेळी जवळून. तोंड नुकतंच शब्दाला वळलेलं असावं, तशी. मी पाणी प्यायलो आणि वाचत गेलो... प्रत्येक नावाला ओ येत गेली. शेवटच्या पानापर्यंत ती इतकी स्पष्ट झाली की माझ्या मानेला श्वास लागत होता. त्याला दुधाचा वास होता.

घरी आलो तेव्हा अनुपमा शिवानीला हाका मारत होती. पोरगी समोरच रंगपेटी घेऊन बसली होती. आईनं चार वेळा नाव घेतलं, तिनं मान वर केली नाही. खांद्याला हात लावल्यावर दचकली आणि म्हणाली, "मला बोलवत होतीस?"

पहिले दोन दिवस आम्ही ते लाड समजलो. तिसऱ्या दिवशी परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान उत्तम, असं त्यांनी सांगितलं. टाळी वाजली, भांडं पडलं, मांजर ओरडलं की शिवानी वळायची. नावाला वळायची नाही. माझ्या बायकोनं, चन्नबसम्मानं, तिच्या कपाळाला विभूती लावून कानाशी नाव घेतलं, तेव्हा पोर गोंधळून दाराकडे बघायला लागली. जणू हाक दुसऱ्या कुणाला होती आणि ती दुसरी दारात उभी होती.

मग तिनं खेळणं सोडलं. दिवसाचे अठरा तास झोपायची, अंगठा तोंडात घालून. दुधाखेरीज पोटात काही ठरेना. अनुपमा तिच्या उशाशी बसून रडायची. एकदा मी शिवानीची चित्रकलेची वही उघडली. आधीच्या चित्रांखाली तिनं ऐटीत नाव लिहिलेलं होतं. शेवटच्या चित्राखाली, नावाच्या जागी, एक आडवी रेघ होती. पट्टीनं मारल्यासारखी सरळ.

ती रेघ माझी होती. मला माझा हात ओळखू येणार नाही का?

मी तडक वॉर्डात गेलो आणि वहीतली एकशे बारा नावं तांबड्या शाईनं खोडली, समासात सही करत. काही झालं नाही. होणार कसं? रजिस्टरातली खाडाखोड नेहमी खालचं मूळ अक्षर वाचता येईल अशीच करायची असते आणि मी नियमानं केली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नीटनेटकेपणाची किळस आली.

सगुणाबाई दारात येऊन उभी होती. तिला मी सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला नाही की मला दोष दिला नाही. चार नंबरची कॉट कुणाची, ते मात्र सांगितलं. झरीच्या कुसुमबाईची. सहा दिवसांची मुलगी गेली होती तिची.

"तुमच्याकडंच आलती की ती बाई, नोंद करायला," सगुणाबाई म्हणाली. "मीच घिऊन आलते."

आठवलं. न आठवून काय करतो? हिरवं लुगडं, ओली छाती, टेबलाच्या कडेला धरलेले हात. पोरीचं नाव मनात ठेवलंय साहेब, तेवढं लिहा, म्हणत होती. बारसं झालेलं नाही म्हणजे नाव नाही, असं मी समजावलं. ती हटेना. तेव्हा मी म्हणालो होतो, "मनातलं रजिस्टरात येत नसतं." शेजारचे दोघे हसले होते. मला ते वाक्य बरं जमल्यासारखं वाटलं होतं. मी पट्टी लावली आणि रेघ मारली. तिनं त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं होतं आणि नाव न सांगताच निघून गेली होती.

मी सकाळच्या गाडीनं झरीला गेलो. कुसुमबाई आठ वर्षांपूर्वी वारली होती. तिच्या जावेनं चहा दिला. पोरीचं नाव काय ठेवणार होती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जाऊ म्हणाली, "कुणापाशी बोललीच न्हाई. लिवून घेनार नसतेत तर सांगून काय करायचं, म्हनायची."

परतीच्या एसटीत मी नियमांचा विचार करत होतो. दुसरं मला काही येत नाही. एकदा नोंदलेलं नाव काढता येत नाही, बदलता मात्र येतं. त्यासाठी दुसरं नाव द्यावं लागतं. पण कुणाचं? गावात जे नाव घ्यावं त्याची एक पोरगी कुठंतरी खेळत असते. त्या दुपारी मी स्वतः बनवलेलं एक नाव लिहून पाहिलं, ऐकायला गोड, जगात कुणाचंच नसलेलं. मोठ्यानं वाचलं. ओ आली नाही. थोड्या वेळानं कॉटवरून हुंदका आला... तान्ह्या पोराला कोरडी बाटली दिल्यावर येतो तसा. वापरातलं नाव एकदा तिच्या कानावर पडलं होतं. तिला आता तसंच हवं होतं.

त्या रात्री शिवानीनं डोळे उघडलेच नाहीत.

उपाय मला पहाटे सापडला आणि सांगायला लाज वाटते, पण मी स्वतःवर खूश झालो. कुणीच न वापरलेलं नाव चालत नव्हतं, वापरातलं देता येत नव्हतं. पण वापरून बाजूला पडलेलं एक नाव माझ्याकडे होतं. बसवंत. आईवडील गेले, तेव्हापासून त्या नावानं मला कुणी बोलावलं नव्हतं. अनुपमा बाबा म्हणते, नात आजोबा, गाव साहेब. बायकोनं एक्केचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आमच्याकडे काढत नाहीत. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हा ती रडायला लागली होती. म्हणजे नाव कोरं नाही, आणि कुणाला लागतही नाही.

दुपारी एकला वॉर्डात बसून मी एकशे बारा ठिकाणी 'बसवंत' लिहिलं. ते मुलीचं नाव नव्हतं, पण आता कुणाची हरकत येणार होती? मग रुजवात घेतली. पहिल्या नावाला शांतता. दुसऱ्याला कडी करकरली. मी वाचत राहिलो.

"...बसवंत वाळूखाली उतरली."

"ओ."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. त्याच वेळी छातीतून काहीतरी अलगद उचलून नेल्यासारखंही वाटलं, पण त्याला मी वय म्हटलं.

घरी आलो तर शिवानी उठून बसली होती. अनुपमानं भीत भीत नाव घेतलं. "काय गं आई," पोरगी वैतागून म्हणाली, "किती वेळा हाक मारतेस?" आणि तिनं भाकरी मागितली. अनुपमानं तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

आठवड्यानं त्या पुण्याला गेल्या. निघताना शिवानीनं पुस्तक मागितलं. मी म्हणालो, प्रकरण विचाराधीन आहे. वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली. जाळायचं धाडस झालं नाही. किल्ली किशनरावांना परत दिली. सगुणाबाईला एकदा विचारलं, आता वॉर्डात काही जाणवतं का? ती म्हणाली, "न्हाई. चार नंबर रिकामी झाली." मला ती सुटल्याची बातमी वाटली. कुठं गेली, ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यानं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं समक्ष सिद्ध करायचं असतं. अंगठ्याचं यंत्र घेऊन एक मुलगी बसली होती, नवी, हसऱ्या तोंडाची. बाकावर आम्ही पंधरा-वीस म्हातारे. सकाळचे अकरा वाजलेले, पंखे गरगरत होते, कुणीतरी शेंगा फोडत होतं. तिनं यादीवर बोट ठेवलं.

"बसवंतराव?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच माझ्या उजव्या गुडघ्यापाशी कुणीतरी ओ दिली.

मुलीनं मान खाली करून तिकडे पाहिलं आणि ती ओळखीचं हसली. मी उठून टेबलापाशी पोहोचेपर्यंत यंत्रातला हिरवा दिवा लागला होता. तिनं शिक्का मारून दाखला माझ्यासमोर सरकवला. मी म्हणालो, मी अजून अंगठा ठेवलेला नाही. ती म्हणाली, "झालं की काका, आत्ताच झालं."

यंत्राच्या काचेवर ओला ठसा होता, तुरीच्या दाण्याएवढा. वेखंडाचा वास येत होता. मी माझा अंगठा धोतराला पुसला आणि त्या ठशावर दाबून धरला. तांबडा दिवा लागला. पुन्हा दाबला. पुन्हा तांबडा.

"राहू द्या," मुलगी मऊ आवाजात म्हणाली, "त्या नावावर तुमचा अंगठा बसेना." आणि तिनं पुढचं नाव पुकारलं.